जंतांना मेजवानी घालणारा वैद्य

पोटात जंत झालेल्याला गूळ देऊ नये, हे कुठलीही आजी सांगेल. चरकसंहिता मात्र तो मुद्दाम खायला घालायला सांगते. गूळच काय, दूध, दही, तीळ, मासे, पिठाचे पदार्थ, खीरसुद्धा! सहा-सात दिवस स्नेहन-स्वेदन (तेल-तूप आणि शेक) झालं, की शोधनाच्या, म्हणजे शरीरशुद्धीच्या, आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ हा बेत. शरीरात दडलेले कृमी आवडत्या खाण्याच्या ओढीने कोठ्यात गोळा व्हावेत, एवढ्यासाठी. दुसऱ्या दिवशी बस्ती (एनिमा), वमन (उलटी), विरेचन (जुलाब). गळाला आमिष लावावं तसाच हा डाव, आणि तो संहितेच्या विमानस्थान या भागाच्या सातव्या अध्यायात बारीकसारीक तपशिलांसह दिला आहे.

या अध्यायात कृमींचे वीस प्रकार मोजले आहेत. त्यात उवाही आल्या. आमाशयात होणाऱ्यांचं वर्णन वाचताना तर थक्क व्हायला होतं: काही पांढरे, रुंद पट्ट्यासारखे, काही गांडुळासारखे गोल, तांबूस झाक असलेले, काही बारीक, लांब, सुतासारखे. पट्टकृमी आणि मोठा गोल जंत आजचा डॉक्टरही यावरून चटकन ओळखेल. रक्तातले काही कृमी तर इतके सूक्ष्म, की दिसतच नाहीत, असंही चरक सांगतो. हे सगळं सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी शतकं आधीचं.

औषधंही चमत्कारिक. उंदीरकानी या वनस्पतीचा रस तांबड्या साळीच्या पिठात मिसळून, धूर नसलेल्या निखाऱ्यांवर भाजलेल्या पोळ्या. वर वावडिंगाचं तेल आणि मीठ. घोड्याची लीद वाळवून, कुटून, वावडिंगाच्या काढ्यात पुन्हापुन्हा भिजवून-सुकवून मधातून चाटवायची, हाही एक पाठ आहे. (तो घरी करून बघू नये.) वावडिंग मात्र टिकलं. महाराष्ट्रात तान्ह्या बाळाच्या पाण्यात ते अजूनही उकळतात.

चूक झाली ती कारणात. दूध, गूळ, तीळ, मासे अशा खाण्यामुळे कफाचे कृमी होतात, असं ग्रंथ मानतो. खरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. गोल जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. मळलेल्या हातांवाटे ती पोटात जातात. अळ्या आतड्यातून रक्तात, यकृतात, फुप्फुसात पोचतात, श्वासनलिकेतून घशाशी चढतात आणि गिळल्या जाऊन पुन्हा आतड्यात येतात. तिथेच त्यांचा मोठा जंत होतो.

तरीही चरकाची तीन पायऱ्यांची चिकित्सा मला आजही पटते: कृमी ओढून काढा, त्यांना पोसणारी परिस्थिती मोडा, आणि मूळ कारण टाळा. आपण पहिल्या पायरीवर फार विसंबतो. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ती मुलांना चुकवू देऊ नका. पण हात धुणं, शौचालय आणि पायांत चपला यांशिवाय जंत पुन्हा होतातच.