मागचे आवरून झाल्यावर

श्रीगजाननाच्या आगमनाची चाहूल लागली की घरातील पुरुषमंडळी मखराच्या आणि रोषणाईच्या नादी लागतात, मुले झांजा शोधण्यासाठी माळा पालथा घालतात आणि गृहिणी मात्र तांदळाची पिठी, नारळ, गूळ आणि येणारे-जाणारे यांचा हिशेब मनातल्या मनात मांडीत असते. याच दहा दिवसांत गायन-वादन, कीर्तन-प्रवचन यांची जी लयलूट आपल्या महाराष्ट्रात होते, ती वर्षाच्या इतर कोणत्या दहा दिवसांत होत असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु हा सारा उत्सव ज्यांच्या कष्टांवर उभा राहतो, त्या प्रपंचात आकंठ बुडालेल्या आईबापांच्या वाट्याला त्यातील स्वर किती येतात? गेली काही वर्षे हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे.

नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला दिले आहे. श्रवणभक्तीचे उदाहरण म्हणून सर्वत्र राजा परीक्षितीचे नाव घेतले जाते. शुकाचार्यांच्या मुखातून सात दिवस अखंड भागवत ऐकून तो मुक्त झाला. त्याचा अधिकार थोरच; पण राज्य मुलाच्या हाती सोपवून तो गंगातीरी येऊन बसला होता, हेही विसरता येत नाही. दूध उतू जाईल काय, धाकट्याचा ताप उतरला काय, उद्याच्या डब्याला भाजी आहे काय, यांपैकी एकही चिंता त्या सात दिवसांत त्याच्या मागे नव्हती. चुलीपाशी उभे राहून अर्धे कीर्तन कानावर झेलणाऱ्या माउलीच्या श्रवणाला मग आपण काय नाव द्यावे?

आमचे बालपण पुण्यातील एका जुन्या वाड्यात गेले. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून ज्या सार्वजनिक उत्सवाला चालना दिली, त्याचे ऐन भरातले रूप आम्ही त्या वाड्यासमोरच्या रस्त्यावर पाहिले. रस्त्यावर सतरंज्या अंथरल्या जात, चार फळ्या टाकून व्यासपीठ उभे राही आणि एरव्ही तिकीट काढूनही सहज ऐकावयास मिळणार नाहीत असे गवई तेथे, रस्त्यावर, कोणाकडून एक पैसाही न घेता ऐकावयास मिळत. हमाल, कारकून, वकील, भाजीवाली आणि शाळकरी पोरे एकाच सतरंजीवर बसत. ते दिवस ज्यांनी अनुभवले त्यांना अधिक सांगणे नको.

या बैठका रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास सुरू होत. लहानपणी आम्हांला या वेळेचे नवल वाटे. पुढे उमगले की ती वेळ गृहस्थाश्रमाने ठरविलेली होती. आरती झाली, पाने वाढली, पंगत उठली, खरकटी काढली, भांडी घासली, ओटा पुसला, मुले निजविली, की दहा वाजत. मागचे आवरून, पदराला हात पुसत बायका वाड्याच्या दारात येत आणि समोर तंबोरे जुळत असत. गाणारे त्यांच्यासाठीच थांबले आहेत असे वाटावे! कोणी ठरवून केलेली ही व्यवस्था नव्हती. पण तिच्यात जी दया होती ती आज, ती नाहीशी झाल्यावर, आम्हांस कळते.

आमच्या मातोश्रींना गाण्याचे अतोनात वेड. त्या स्वतः कधी गायल्या नाहीत. म्हणजे चारचौघांत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. दर आठवड्यास एक नवे गीत याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गीते झाली. आमच्याकडे तेव्हा रेडिओ नव्हता. समोरच्या बिऱ्हाडातील रेडिओ मोठ्याने लावला जाई आणि मातोश्री परातीतली कणीक तशीच घेऊन उंबऱ्याशी येऊन बसत. कणीक मळण्याचा हात गाण्याच्या लयीत चाले. त्या वर्षभर त्या दिवशीच्या पोळ्या हमखास मऊ होत, असे वडील थट्टेने म्हणत.

पुढे काही वर्षांनी गणपतीत आमच्याच रस्त्यावर गीतरामायणाचा कार्यक्रम ठरला. मातोश्रींनी आठ दिवस आधीपासून मनाची तयारी केली. त्या दिवशी स्वयंपाक लवकर उरकला, ठेवणीतले लुगडे काढले. आणि नेमका संध्याकाळी आमच्या धाकट्या बहिणीस ताप भरला. वडील पहिल्या रांगेत बसले, आम्ही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, आणि मातोश्री माडीवरच्या खिडकीत, पोरीचे डोके मांडीवर घेऊन, तिच्या कपाळावरची पट्टी बदलीत राहिल्या. त्या खिडकीतून व्यासपीठ दिसत नसे. मांडवाची कनात आड येई. पहाटे आम्ही झोपाळलेले वर आलो तेव्हा त्यांनी आम्हांला विचारले, “काय रे, गाताना ते डोळे मिटतात का?” आम्हांला सांगता आले नाही. आमचा डोळा मध्यंतरापूर्वीच लागला होता.

श्रीरामकृष्ण परमहंस नारदांची एक गोष्ट सांगत असत. आपणच सर्वश्रेष्ठ भक्त, असा नारदांना अभिमान झाला तेव्हा भगवंतांनी त्यांना एका शेतकऱ्याकडे पाठविले. तो बिचारा सकाळी उठताना आणि रात्री निजताना नाम घेई. मधला सारा दिवस नांगराचा. नारद खट्टू होऊन परतले. मग भगवंतांनी त्यांच्या हाती काठोकाठ भरलेली तेलाची वाटी दिली आणि एक थेंबही न सांडता नगराला प्रदक्षिणा घालण्यास सांगितले. वाटी सुखरूप आली. पण वाटेत माझे स्मरण किती वेळा केलेस, असे विचारताच नारदांची मान खाली गेली. ही कथा आम्ही अनेकदा ऐकली होती. त्या रात्रीच्या खिडकीशी तिचा काही संबंध आहे, हे मात्र ध्यानात येण्यास आम्हांला स्वतः बाप व्हावे लागले.

असो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे यथावकाश आमच्याही घरी तो संच आला. २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दर रविवारी सकाळी साडेनऊला दिसू लागले. त्या दीड वर्षातील रविवार ज्यांना आठवतात त्यांना रस्त्यावरची ती शांतताही आठवत असेल. कित्येक घरी संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. आमच्या दाराबाहेर देवळाबाहेर असावा तसा चपलांचा ढीग पडे. मातोश्री तेव्हा साठी ओलांडलेल्या. स्नान करून, सोवळ्यातच, त्या अगदी पुढे पाटावर बसत आणि प्रभू रामचंद्र दिसताच हात जोडीत. गाणारा-बोलणारा समोर दिसतो आहे आणि आपल्याला उठावे लागत नाही, हे सुख त्यांना आयुष्यात प्रथमच लाभत होते. त्यांच्याकडे पाहून आमचे डोळे भरून येत.

परंतु आमचे लक्ष जेथे जावयास हवे होते तेथे गेले नाही. शेजारपाजारची पंधरा-वीस मंडळी घरात बसलेली. त्यांना चहा कोण देत होते? आमच्या सौभाग्यवती. मातोश्रींना मिळालेला पाट सुनेने उभ्याने राहून दिलेला होता. ३१ जुलै १९८८ रोजी मालिका संपली तेव्हा सगळे हळहळले. सौभाग्यवती सहज म्हणाल्या, “मला भरतभेट काही पाहायलाच मिळाली नाही. साखर संपली होती त्या दिवशी.” आम्ही हसून वेळ मारून नेली. त्या हसण्याची आज लाज वाटते.

पुढे २०२० साली महामारीने साऱ्यांना घरात कोंडले आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने तेच ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, सकाळी नऊ आणि रात्री नऊ असे दोन वेळा. मातोश्री तोवर राहिल्या नव्हत्या. मोलकरणीस येता येत नव्हते, म्हणून रात्रीची भांडी आम्ही अंगावर घेतली. सहा माणसांच्या रात्रीच्या जेवणाची भांडी घासून, पालथी घालून, ओटा पुसण्यास किती वेळ लागतो याचा अंदाज आम्हांस सत्तरीच्या उंबरठ्यावर आला. पहिल्या रात्री सव्वा तास लागला. पुढे हात बसला तरी पाऊण तासाच्या खाली कधी गेलो नाही. त्या पाऊण तासात सौभाग्यवती पाय लांब करून बसत. बत्तीस वर्षांनी त्यांनी भरतभेट पाहिली. आतून आम्हांला नुसता आवाज ऐकू येत होता; आणि एकाएकी माडीवरची ती खिडकी आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

जनाबाईचे आख्यान आपण सारे भक्तिभावाने ऐकतो. नामदेवांच्या घरची ती दासी. दळण संपेना तेव्हा साक्षात पंढरीनाथाने येऊन जात्याचा खुंटा धरला. ‘काम टाकून माझे भजन ऐक’ असे काही देवाने तिला सांगितले नाही. कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतात, श्रोते सद्गदित होतात, आणि घरी येऊन पानावर बसतात. आम्हीही त्यांतलेच.

आता रात्रीच्या बैठकीविषयी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अधिक कठोर केली. सणासुदीचे काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य सरकारास आहे, एवढेच. या नियमाविरुद्ध आमची तक्रार नाही. आजारी माणसे, तान्ही मुले आणि परीक्षार्थी यांच्या झोपेवर कोणाचेही गाणे उभे राहू नये. आणि भिंती हादरविणाऱ्या हल्लीच्या यंत्रांना तर दहाच काय, दुपारची वेळसुद्धा देऊ नये या मताचे आम्ही आहोत. पण या नियमाचा एक परिणाम कोणाच्या बोलण्यात येत नाही. दहाला सुरू होणारी बैठक आता दहाच्या आत संपते. म्हणजे ती सहा-सातला सुरू होते. घरची आरती, नैवेद्य, मुलांचे खाणे आणि कचेरीतून परतणे ज्या वेळी एकमेकांवर आदळतात, नेमकी तीच वेळ! मागचे आवरून दारात यावे तो समोर सतरंज्या गुंडाळल्या जात असतात. फोनवर हवे ते गाणे आता हव्या त्या घटकेला ऐकता येते हे खरे. पण फोनवर ऐकणारी बाई हाका मारल्यावर उठते. मांडवात बसलेल्या बाईला हाक ऐकू जात नाही. प्रत्यक्ष मैफलीचा हा गुण शास्त्रकारांनी सांगितलेला नाही, पण संसारी माणसाला तो ठाऊक असतो.

आमच्या सूनबाईंनी लग्नापूर्वी सात वर्षे गाणे शिकलेले. आता नोकरी, चार वर्षांचा मुलगा आणि आमच्यासारखी दोन वयस्क माणसे. गेल्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जवळच्याच मंडळात अभंगगायनाचा कार्यक्रम होता, वेळ साडेसहाची. कार्यक्रमपत्रिका तिने दोनदा वाचून फडताळावर ठेवून दिली. आमची आरती वर्षानुवर्षे साडेसातची. ती घरातील वडीलधाऱ्यांची घडी. आम्ही गुरुजींना दूरध्वनी करून विचारले की, आरती अलीकडे घेतली तर चालेल काय? गुरुजी म्हणाले, “साडेसात ही वेळ तुमच्या वडिलांच्या कचेरीमुळे ठरली होती, पंचांगामुळे नव्हे.” हे आम्हांला साठ वर्षांत कोणी सांगितले नव्हते!

पावणेसहाला आरती झाली. चिरंजीव रात्रपाळीला गेलेले. सासू-सून दोघीही गेल्या; जाताना सूनबाई दाराशी तीनदा थबकली. “बाबा, त्याला भात कालवून द्या हं, नाहीतर तो जेवत नाही,” “बाबा, गॅस,” “बाबा, उठला तर फोन करा.” आम्ही दार लावून घेतले. नातवाला भात भरविला, गोष्ट सांगितली, गणपतीच्या समईत तेल घातले, आणि बाह्या सारून मोरीकडे वळलो. वाऱ्यावरून अधूनमधून मृदंगाची थाप येत होती. नळ बंद केला की ऐकू येई, सोडला की बुडून जाई.

दोघी सव्वादहाला परतल्या. सौभाग्यवतींच्या केसांत मंडळाने दिलेला गजरा होता. सूनबाई काही बोलली नाही. निजलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण सारखे करताना तिच्या ओठांत कसलीशी चाल मात्र घोळत होती. मग ती स्वयंपाकघरात गेली, पालथ्या भांड्यांकडे पाहिले, दुधाच्या पातेल्यावरचे झाकण उघडले आणि आमच्याकडे वळून हसली. विरजण लावायचे आम्ही साफ विसरलो होतो.