क्रिस्टल गप्प का बसतो?

ब्रेडबोर्डवर एटमेगा ३२८पी बसवली, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल जोडला, तरी एलईडी लुकलुकत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी क्रिस्टल बदलतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी करावे.

आधी फ्यूज बिट वाचा. कारखान्यातून येणारी कोरी चिप स्वतःच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. बाहेरचा क्रिस्टल वापरायला तिला फ्यूजमधूनच सांगावे लागते, नाहीतर क्रिस्टल नुसता शोभेला. उलटही घडते: फ्यूज बाहेरच्या क्रिस्टलवर, पण तो सुरूच होत नाही. मग प्रोग्रॅमरलाही चिप सापडत नाही. ती मेली असे समजून फेकू नका! ९ क्रमांकाच्या पिनवर दुसऱ्या बोर्डावरून चौकोनी लहरींचा क्लॉक द्या. बहुधा ती पुन्हा बोलू लागते आणि फ्यूज दुरुस्त करता येतात.

फ्यूज बरोबर असतील तर कपॅसिटर पाहा. क्रिस्टलच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला साधारण २२ पिकोफॅराडचे लावतात. २२ नॅनोफॅराडचे चुकून लागले तर कंपन सुरूच होणार नाही, कारण ते हजारपट मोठे आहेत. क्रिस्टलच्या वायरी अगदी आखूड ठेवा.

मोजतानाही जपा. ऑसिलोस्कोपचा प्रोब १० पटीवर ठेवून १० क्रमांकाच्या पिनवर लावा. १ पटीवर त्याचीच सुमारे १०० पिकोफॅराडची भर पडते, आणि चालू असलेला ऑसिलेटरही थांबू शकतो.