तेल लागलं म्हणाले, निघालं पाणी! छोट्या तेल कंपन्यांच्या शेअरमध्ये नेमकं काय होतं?

डिसेंबर २०१०. लंडनच्या बाजारात नोंद असलेल्या डिझायर पेट्रोलियम या छोट्या कंपनीने जाहीर केलं की, दक्षिण अटलांटिक महासागरात फॉकलंड बेटांच्या उत्तरेला खोदलेल्या ‘रेचल नॉर्थ’ नावाच्या विहिरीत तेल लागलंय. शेअर उसळला. ज्यांच्याकडे होता ते खूश, ज्यांच्याकडे नव्हता ते घाईघाईने खरेदीला धावले.

काही दिवसांतच कंपनीचं दुसरं निवेदन आलं. विहिरीतून काढलेल्या नमुन्यात तेल नाही, पाणी आहे. त्या एका दिवसात शेअरची किंमत निम्म्याहून खाली गेली.

यात लबाडी शोधत बसायची गरज नाही. हा धंदा चालतोच असा, आणि दरवेळी त्यात सगळ्यात उशिरा शहाणा होतो तो घरी बसून मोबाईलवर शेअर घेणारा लहान गुंतवणूकदार.

कंपनीकडे असतं काय?

तेल कंपनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रिफायनरी, टँकर, पेट्रोल पंप येतात. या छोट्या शोध कंपन्यांकडे यातलं काहीच नसतं. एखाद्या प्रदेशात तेल शोधण्याचा परवाना, भूगर्भतज्ज्ञांची लहानशी टीम आणि एक-दोन विहिरी खोदता येतील इतके पैसे. बस. विक्री शून्य, नफा शून्य.

अशा कंपनीला बँक कर्ज देत नाही, कारण तारण ठेवायला काही नसतं. मग पैसा येतो शेअर विकून. १९९५ साली लंडन शेअर बाजाराने लहान कंपन्यांसाठी ‘एम’ नावाचा वेगळा बाजार सुरू केला. तिथले नियम मुख्य बाजारापेक्षा सैल. तेल आणि खाण कंपन्यांची तिथे गर्दी झाली, आणि त्यांच्या मागोमाग हौशी गुंतवणूकदारांची.

आपल्याकडे हा प्रकार फारसा दिसला नाही, त्याचं कारण सरळ आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ जहाजाने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधलं (तेच जहाज, जे एक रुपयाच्या नोटेवर छापलं गेलं), तेव्हा विहीर कोरडी निघण्याची जोखीम ओएनजीसीने, म्हणजे सरकारने घेतली होती. कोणाच्या डिमॅट खात्यातून ते पैसे गेले नव्हते.

सगळ्यांना हवी होती पुढची ‘केर्न’

गंमत म्हणजे ब्रिटनमधल्या लहान गुंतवणूकदारांना या शेअरचं वेड लावण्यात राजस्थानचा मोठा हात आहे. बाडमेरच्या वाळवंटातल्या परवान्यात शेल ही बलाढ्य कंपनी भागीदार होती. तिला तिथे राम दिसला नाही, आणि तिने आपला हिस्सा एडिंबरोच्या केर्न एनर्जीला मातीमोल भावात विकून टाकला. जानेवारी २००४ मध्ये केर्नला तिथेच ‘मंगला’ हे प्रचंड तेलक्षेत्र सापडलं. शेअर झपाट्याने वाढला आणि त्याच वर्षी केर्न ब्रिटनच्या शंभर सर्वांत मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली.

ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती धोकादायक आहे. ‘मोठ्यांनी सोडलेल्या जागी छोट्यांना घबाड मिळालं’ हे वाक्य त्यानंतर प्रत्येक छोट्या कंपनीला लावता येऊ लागलं. फॉकलंडला तर ते चपखल बसत होतं. १९९८ मध्ये शेलसह मोठ्या कंपन्यांनी तिथे सहा विहिरी खोदल्या होत्या. तेलाचे अंश दिसले, पण तेव्हा तेलाचा भावच इतका पडलेला होता की त्या गाशा गुंडाळून निघून गेल्या. मागे उरल्या छोट्या कंपन्या.

त्यातली एक डिझायर. १५९२ मध्ये या बेटांपर्यंत पोहोचलेल्या इंग्रज जहाजाचं नाव हेच होतं. दुसरी रॉकहॉपर, हे तिथल्या एका पेंग्विनचं नाव. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘ओशन गार्डियन’ हा खोदकामाचा तरंगता मंच स्कॉटलंडहून ओढत फॉकलंडला आणला गेला. १९८२ मध्ये याच बेटांसाठी ब्रिटनशी युद्ध केलेल्या अर्जेंटिनाने जोरदार आक्षेप घेतला. बातम्या जगभर गेल्या, आणि शेअरही चढले.

पहिली विहीर डिझायरची, नाव ‘लिझ’. मार्च अखेरीस निकाल निराशाजनक आला आणि शेअर कोसळला. मे महिन्यात शेजारच्या परवान्यात रॉकहॉपरला ‘सी लायन’ विहिरीत खरोखर तेल लागलं. तिचा शेअर एका दिवसात दुपटीहून वर गेला आणि पुढच्या काही महिन्यांत अनेक पटींनी वाढला.

आता ‘लिझ’मध्ये हात पोळलेल्या माणसाचा विचार करा. शेजाऱ्याला लॉटरी लागलेली दिसतेय, समुद्र तोच, खोदणारा मंचही तोच. तो शेअर विकून बाहेर पडेल, की पुढच्या विहिरीची वाट बघेल? ‘रेचल नॉर्थ’ची बातमी आली ती या वातावरणात.

पाणी तेलासारखं का वाटतं?

विहीर खोदली की कारंजं उडतं, हे सिनेमात. प्रत्यक्षात दोन-तीन किलोमीटर खोल खडकाच्या बारीक छिद्रांमध्ये द्रव अडकलेला असतो. तो काय आहे हे आधी उपकरणांवरून ताडावं लागतं. उदाहरणार्थ, खडकातून वीज किती सहज जाते ते मोजतात. खारट पाण्यातून वीज सहज वाहते, तेलातून वाहत नाही. त्यामुळे विजेला विरोध जास्त दिसला की तेलाची शक्यता वाढते. पण पाणी कमी खारट असेल किंवा खडकाची घडणच वेगळी असेल, तरीही आकडे तसेच येऊ शकतात. पक्कं उत्तर मिळतं ते नमुना वर आणल्यावर.

म्हणजे ‘प्राथमिक माहितीनुसार तेलाचे संकेत’ आणि ‘नमुन्यात तेल मिळालं’ या दोन वाक्यांत अंतर आहे. शेअरची किंमत मात्र पहिल्या वाक्यालाच उडी मारते.

पाचात एक म्हणजे किती?

नव्या प्रदेशातल्या विहिरीला यशाची शक्यता २० टक्के दिली, तर ती वाईट मानली जात नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात होतं असं की, पाच विहिरी खोदल्या की एकीत तेल लागणारच. पण हिशोब तसा नाही. प्रत्येक विहिरीची शक्यता स्वतंत्र धरली, तर पाचही कोरड्या निघण्याची शक्यता जवळपास ३३ टक्के येते. तीनात एकदा काहीच मिळणार नाही! आणि छोट्या कंपनीकडे पाच विहिरींचे पैसे असतात कुठे?

दुसरा घोळ शब्दांचा. जमिनीखाली असू शकेल असं तेल, सापडलेलं पण काढणं परवडेल की नाही हे न ठरलेलं तेल, आणि आजच्या तंत्राने व भावात काढून विकता येईल असं तेल, हे तीन वेगळे आकडे असतात. उद्योगात त्यांना वेगळी नावं आहेत आणि ‘साठे’ हा शब्द फक्त तिसऱ्यासाठी वापरतात. व्हॉट्सॲपवर फिरतो तो पहिला, कारण तो सगळ्यात मोठा असतो.

एप्रिल २०१५ मध्ये हेच घडलं. लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ यूके ऑइल अँड गॅस या कंपनीची विहीर होती. त्या भागाच्या जमिनीखाली १०,००० कोटी पिंपांपर्यंत तेल असू शकतं, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. त्यातलं फार तर ३ ते १५ टक्केच काढता येईल, हेही त्यांनीच सांगितलं होतं. पण मथळ्यात १०,००० कोटीच गेले आणि शेअर भडकला. संपूर्ण प्रदेशाचा असा अंदाज आपण केलेला नाही, हा कंपनीचा खुलासा नंतर आला. तोवर ज्यांना चढ्या भावात घ्यायचं होतं त्यांनी घेऊन टाकलं होतं.

तेल लागलं, तरी?

समजा सगळं नीट झालं, खरंच तेल लागलं. आता तरी आपण श्रीमंत? खरा खर्च इथून सुरू होतो. तेलक्षेत्र किती पसरलंय हे कळायला आणखी विहिरी, मग उत्पादनाची जहाजं, पाइप, समुद्रतळावरची यंत्रणा. विहिरीचा खर्च कोटींत असेल, तर हा अब्जांत.

हे पैसे दोन मार्गांनी येतात. एक, नवे शेअर काढायचे. हे बहुतेकदा मोठ्या गुंतवणूकदारांना बाजारभावापेक्षा स्वस्तात दिले जातात. कंपनीचे १० कोटी शेअर असतील आणि तुमच्याकडे १० लाख, तर तुमचा हिस्सा १ टक्का. कंपनीने आणखी ५ कोटी शेअर काढले की तोच हिस्सा ०.६७ टक्के होतो. तुम्ही काहीच विकलेलं नसतं. हे दोन-तीनदा झालं की तेलाचा आकडा तोच राहतो, तुमच्या वाट्याचे थेंब घटत जातात.

दुसरा मार्ग, तेलक्षेत्राचाच हिस्सा मोठ्या कंपनीला देऊन टाकायचा. सी लायनचं तेच झालं. २०१० मध्ये ते पूर्णपणे रॉकहॉपरचं होतं. २०१२ मध्ये ६० टक्के हिस्सा प्रीमियर ऑइलकडे गेला. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि प्रकल्प रखडला. २०२० मध्ये कोविड आला आणि पुन्हा सगळं थांबलं. २०१० च्या शरद ऋतूत पाच पौंडांच्या आसपास गेलेला रॉकहॉपरचा शेअर तेव्हा दहा पेन्सांच्याही खाली होता. पौंडात १०० पेन्स असतात, यावरून घसरण लक्षात यावी. २०२२ मध्ये प्रीमियरच्या जागी नेव्हिटास ही इस्रायली कंपनी आली आणि रॉकहॉपरकडे ३५ टक्के उरले.

लक्षात घ्या, ही फॉकलंडमधली यशस्वी विहीर आहे. इथे तेल होतं, पाणी नव्हतं. ज्यांनी मे २०१० च्या आधी शेअर घेतला आणि वर्षाअखेरपर्यंत विकला, त्यांनी भरपूर कमावलं. ज्यांनी बातम्या वाचून घेतला आणि ‘तेल तर सापडलंय, आता कशाला विकायचं’ म्हणत ठेवून दिला, ते दहा वर्षांनी बहुतेक भांडवल गमावून बसले होते. बाडमेरलाही शोध २००४ चा आणि पहिलं तेल ऑगस्ट २००९ चं, आणि ते तर जमिनीवरचं क्षेत्र होतं.

आणि डिझायरचं काय झालं? २०१३ मध्ये फॉकलंड ऑइल अँड गॅस या कंपनीने ती शेअरच्या बदल्यात शेअर देऊन ताब्यात घेतली. जानेवारी २०१६ मध्ये तीही तशाच पद्धतीने रॉकहॉपरमध्ये विलीन झाली. म्हणजे ‘रेचल नॉर्थ’मध्ये पाणी निघालं त्या दिवशी ज्याने डिझायरचे शेअर विकले नाहीत, तो माणूस पाच वर्षांनी, मनात नसताना, सी लायनच्या तेलात वाटेकरी झाला. फक्त त्याचा वाटा आता फारच छोटा होता.