शिक्का बसण्याआधीची भुतं

हातकणंगल्यात धारप-मतकरींच्या भयकथांची जुनी पुस्तकं जमवणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक शेजारचा छंद : 1954 च्या आधीचे अमेरिकन भयकॉमिक्स.

या प्रकारात ईसी कॉमिक्स ही प्रकाशनसंस्था सरस. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ 1950 साली सुरू झालं, पण त्याचा पहिलाच अंक 20 क्रमांकाचा! नव्या नावासाठी टपाल खात्याचं शुल्क पुन्हा भरायला नको, म्हणून जुन्या गुन्हेकथा नियतकालिकाचेच क्रमांक पुढे चालवले. त्यामुळे कुणी ‘क्रिप्ट’चा 1 नंबर दाखवला, तर समजा, ते पुनर्मुद्रण आहे. वाचायला झकास, पण किंमत त्याच हिशोबाने द्या.

1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्सविरोधी पुस्तक आलं, सिनेटची सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड ही आचारसंहिता आणली. शीर्षकात ‘हॉरर’ शब्दही चालेना. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का दिसला, की अंक नंतरचा. (शिक्का नाही म्हणजे जुनाच, असं मात्र नाही, डेल कंपनीने तो कधीच लावला नाही.)

आपल्याकडेही 1956 मध्ये तरुणांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध केंद्राचा कायदा झाला. त्यात ‘तरुण’ म्हणजे 20 वर्षांखालचा. रोख चित्रकथांवर होता, तसाच चित्रांविना छापलेल्या कथांवरही.

माझ्या मते ईसीचा चित्रकार ग्रॅहम इंगल्सची सडकी, ओघळणारी प्रेतं आजही बेजोड आहेत.

आपल्या पावसात या कॉमिक्सचा स्वस्त कागद लवकर पिवळा पडतो. लॅमिनेशन अजिबात करू नका. आम्लमुक्त पुठ्ठा लावून कोरड्या कपाटात ठेवा. सुरुवात पुनर्मुद्रणांपासूनच करा.