लोकमानसातील बदल आणि द्विपदी वितरणाची कसोटी : बाल लिंग गुणोत्तराच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुलीविषयीचा समाजाचा दृष्टिकोन बदलला किंवा नाही, हा प्रश्न घोषणांनी सुटणारा नाही. 2001 च्या जनगणनेनुसार अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 884 मुली होत्या. 2011 मध्ये ही संख्या 852 झाली. ही घट केवळ योगायोगाची म्हणता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कसोटीचे स्वरूप :
प्रत्येक बालकाबाबत मुलगी किंवा मुलगा अशा दोनच शक्यता असतात. बालकांची संख्या 'न' आणि मुलगी असण्याची संभाव्यता 'प' मानल्यास मुलींची अपेक्षित संख्या न × प येते आणि प्रमाण विचलन न × प × (1 − प) याच्या वर्गमूळाइतके असते. प्रत्यक्ष फरक प्रमाण त्रुटीच्या दुपटीहून अधिक असल्यास तो योगायोगाने येण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी राहते.

विवेचन :
बालकांतील मुलींचा वाटा 46.9 टक्क्यांवरून 46.0 टक्क्यांवर आला. जिल्ह्यातील बालसंख्या दोन्ही वेळी 5 लाखांहून अधिक असल्याने या फरकाची प्रमाण त्रुटी जेमतेम 0.1 टक्का येते. फरक तिच्या सुमारे नऊपट आहे; म्हणून घट वास्तविक मानावी लागते.

याउलट, नागापूर परिसरातील एखाद्या वस्तीत 200 बालके आहेत असे समजू. तेथे मुलींची अपेक्षित संख्या 92 आणि प्रमाण विचलन 7 येईल. म्हणजे 78 पासून 106 पर्यंत मुली असणे स्वाभाविक ठरते. गुणोत्तराच्या भाषेत हे अंतर 639 ते 1128 इतके होते! जिल्ह्याएवढा बदल ओळखण्यासाठी दोन्ही वेळी किमान 24,000 बालकांची नोंद आवश्यक आहे.

मर्यादा :
कसोटी बदल दाखविते, कारण सांगत नाही. मुलगा होताच अपत्यजन्म थांबविणाऱ्या कुटुंबांमुळे एकूण गुणोत्तर बदलत नाही. गर्भलिंगनिवड व मुलींचा अधिक बालमृत्यू यांमुळे मात्र ते घटते. त्यामुळे गुणोत्तर सुधारले तरी पुत्रलालसा ओसरली असे लगेच म्हणता येत नाही. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या 1994 च्या कायद्याचा धाकही त्यामागे असू शकतो.

निष्कर्ष :
एका वर्षाच्या आकड्यावरून लहान गावाचा गौरव किंवा निंदा करणे संख्याशास्त्रीय दृष्ट्या असमर्थनीय आहे. अनेक वर्षांच्या व गावांच्या नोंदी एकत्र करून, त्यांना प्रत्यक्ष मतसर्वेक्षणाची जोड दिल्यासच लोकमानसाविषयीचे विधान विश्वासार्ह ठरेल.