शून्याच्या उंबरठ्यावरील बँका

बँक ही पैशाची दुकानदार आहे. ठेवीदाराकडून पैसा घ्यावा, कर्जदाराला द्यावा आणि दोन्ही व्याजांतील अंतरावर संसार चालवावा, हा तिचा धंदा. मग व्याजाचे दर उतरले तर ठेवीही स्वस्त होतात. बँकेचे बिघडते काय?

उत्तरासाठी आपण एक लहानसा हिशेब मांडू. समजा, ठेवीवर ३ टक्के देऊन बँक ६ टक्क्यांनी कर्ज देते. दर २ टक्क्यांनी उतरले, तर ठेव १ वर व कर्ज ४ वर येईल. अंतर ३ टक्क्यांचेच राहील. आणखी २ टक्क्यांनी उतरले म्हणजे कर्ज २ वर येते. ठेव मात्र शून्यापाशी अडते. ठेव सांभाळण्याबद्दल उलट पैसे मागितले, तर सामान्य ठेवीदार नोटा घेऊन घरी जाईल! अंतर उरले २ टक्के. कारकुनांचे पगार व जागेचे भाडे मात्र तेवढेच.

जपानात हे प्रत्यक्ष घडले. तेथील मध्यवर्ती बँकेने १९९९ साली दर शून्यानजीक आणला आणि जानेवारी २०१६ मध्ये, बँकांनी आपल्याकडे ठेवलेल्या रकमेच्या काही भागावर उणे ०.१ टक्का दर जाहीर केला. लवकरच दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचे उत्पन्नही शून्याखाली गेले. थोड्या मुदतीने घेऊन लांब मुदतीने देण्यात बँकेचा जो नफा असतो, तो अशा वेळी आटतो. टोकियोच्या मोठ्या बँकांना परदेशात कर्जे देता आली. पण ज्या प्रांतांत लोकसंख्या घटत व वृद्ध होत होती, तेथील लहान बँकांना ती वाट नव्हती.

दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. दर उतरताना हाताशी असलेल्या जुन्या रोख्यांची किंमत वाढते, कर्जदाराचा हप्ता हलका होतो, बुडीत कर्जे कमी होतात. पण रोख्यांचा हा लाभ दर उतरतानाच पदरात पडतो. दर खालीच राहिले तर तो पुन्हा मिळत नाही. म्हणून थोड्या काळाची स्वस्ताई बँकेला सोसते. वर्षानुवर्षांची तिला झिजवते.

जपानने उणे दर मार्च २०२४ मध्ये मागे घेतला. त्यातून आपण घ्यायचा बोध केवळ बँकवाल्यांपुरता नाही. नफ्यातूनच बँकेचे भांडवल वाढते आणि भांडवलाच्या बळावरच ती कर्ज देते. उद्योगाला पैसा मिळावा म्हणून दर उतरवावेत, आणि देणाऱ्यानेच हात आखडता घ्यावा, असे झाले तर मूळ हेतूच फसतो.