पूर्णांक भागाकार, माहितीसंग्रहातील
पूर्णांक भागाकार, माहितीसंग्रहातील : भाज्य व भाजक दोन्ही पूर्णांक असता भागाकाराचा पूर्ण भाग तेवढा ठेवून अपूर्णांकी भाग गाळणारी संगणकीय क्रिया. तीत ७ ला २ ने भागल्यास ३ मिळतात. संगणकीय माहितीसंग्रहाला (डेटाबेसला) एसक्यूएल या भाषेत विचारलेल्या पृच्छांमध्ये ही क्रिया पुष्कळदा नकळत घडते, कारण भागाकाराचे चिन्ह एकच असले, तरी त्याचा अर्थ स्तंभांच्या संख्या-प्रकारावरून ठरतो.

जालना जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत १०,११,४७३ पुरुष व ९,४७,५७३ स्त्रिया होत्या. माणसे मोजलेली असल्याने हे आकडे साहजिकच पूर्णांक प्रकारच्या स्तंभांत ठेवले जातात. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, हे काढताना स्त्रियांच्या संख्येला पुरुषांच्या संख्येने भागून मग १,००० ने गुणले, तर पोस्टग्रेस्क्यूएल, एसक्यूएल सर्व्हर व एसक्यूलाइट या प्रणालींत उत्तर ० येते. पहिल्या पायरीवरच ०·९३६८ चे शून्य झालेले असते. आधी १,००० ने गुणून नंतर भागल्यास ९३६ मिळतात. खरे मूल्य सुमारे ९३६·८२, म्हणजे जवळच्या पूर्णांकात ९३७ आहे. शून्य कोणाच्याही डोळ्यांत भरते, ९३६ भरत नाही. म्हणून हा दुसरा दोष अधिक घातक समजला पाहिजे. राउंड हे फलन अशा भागाकारावर बाहेरून लावल्याने काही साधत नाही, कारण गळालेला भाग तोवर उरलेला नसतो. मायएसक्यूएलमध्ये मात्र याच चिन्हाने दशांश उत्तर येते व पूर्णांक भागाकारासाठी ‘डिव्ह’ हा वेगळा शब्द योजतात. एका प्रणालीत बरोबर ठरलेली पृच्छा दुसरीत नेताच बिघडते, ती यामुळे.

जालना हे बियाणे-उद्योगाचे केंद्र असल्याने आणखी एक उदाहरण उद्‌बोधक ठरेल. उगवणशक्तीची चाचणी सामान्यतः ४०० दाण्यांवर घेतात व टक्केवारी जवळच्या पूर्णांकात देतात. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण लागते. समजा २७९ दाणे उगवले. प्रमाण ६९·७५, म्हणजे ७० टक्के होते व बियाणे उत्तीर्ण ठरते. आधी १०० ने गुणूनही पूर्णांक भागाकारात ६९ येतात व तेच बियाणे नापास होते.

उपाय सोपा आहे : भागाकारापूर्वी एका पदाचे कास्ट या फलनाने दशांश प्रकारात रूपांतर करावे, किंवा १,००० ऐवजी १०००·० लिहावे. त्यामुळे आणखी एक अडचण टळते. चार बाइटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. जालन्याच्या स्त्रियांची संख्या हजारपट करूनही तीत मावते. पण २०११ मधील महाराष्ट्राच्या ५,४१,३१,२७७ स्त्रियांचा आकडा हजारपट करताच मर्यादा ओलांडली जाते. जिल्ह्यासाठी चाललेली पृच्छा राज्यासाठी अडते. आठ बाइटांच्या मोठ्या पूर्णांकात ही संख्या मावते, मात्र अपूर्णांकी भाग गळण्याचा दोष तसाच राहतो.

दशांश संख्यांचेही दोन प्रकार आहेत. न्युमेरिक वा डेसिमल प्रकारात ठरावीक दशांश स्थळांपर्यंत अंक तंतोतंत राहतात. रिअल व डबल प्रिसिजन या तरंगत्या दशांश चिन्हाच्या प्रकारांत संख्या द्विमान पद्धतीत साठवली जाते आणि ०·१ तीत नेमका मांडता येत नाही. सातबारा उताऱ्यावरील १० आर व २० आर क्षेत्रे हेक्टरांत, ०·१ व ०·२ अशी, डबल प्रिसिजनमध्ये मिळवल्यास बेरीज ०·३ शी तंतोतंत जुळत नाही आणि दोन्ही समान आहेत का या पृच्छेस नकारार्थी उत्तर मिळते. जमिनीचे क्षेत्र व रक्कम यांना म्हणून डेसिमल प्रकारच योग्य. तरंगता प्रकार तपमानासारख्या मापनांना चालतो.

भाजक शून्य असण्याचा प्रसंगही येतो. ओसाड गावांची नोंद महसुली यादीत असते, लोकसंख्या मात्र शून्य. पोस्टग्रेस्क्यूएल तेथे दोष दाखवून संपूर्ण पृच्छा थांबवते. नलइफ या फलनाने भाजकातील शून्याच्या जागी रिक्त मूल्य (नल) घातले, तर त्या गावाचे उत्तर रिक्त राहते व बाकीच्या गावांचे मिळते. तेथे ० लिहिणे बरोबर नाही, कारण स्त्रिया नसलेले गाव आणि माणसेच नसलेले गाव या दोन वेगळ्या गोष्टी होत.